न घेतलेली शपथ

लुइझियाना राज्य, सेंट अमारी परगणा. परगणा न्यायालयाचा दुसरा मजला. सन २००९, ऑगस्टमधील एक गुरुवार, सकाळचे कामकाज.

बायबलवरचा हात काढून ओडेल फाँतेनो साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. जन्मभर इतरांना शपथा दिलेल्या या बाईला आज स्वतः शपथ घेतल्याचाही शीण आला होता. गुडघे ठणकत होते आणि पंखा फिरत होता तो केवळ आवाजापुरता.

न्यायालयाच्या कचेरीत ती उपलेखनिक होती. नोटरीचा अधिकार तिला परीक्षा देऊन नव्हे, पदाबरोबर मिळाला होता. अशा नोटरीकडून कायदा दोनच गोष्टी मागतो आणि त्याही मुख्य लेखनिकाच्या प्रत्येक नव्या कारकिर्दीत नव्याने: जामीनपत्र, म्हणजे चुकांच्या भरपाईची हमी, आणि शपथ. ही मागणी अवाजवी नव्हे. ज्याला खुर्चीमुळे विश्वास मिळतो, त्याने तो निदान एकदा मोठ्याने बोलून स्वीकारावा. गेल्या वर्षी अशी नवी कारकीर्द सुरू झाली. जामीनपत्र साऱ्या कचेरीचे एकच होते आणि ते वेळेवर दाखल झाले. शपथेच्या दिवशी मात्र शब्द तोंडपाठ असलेली एकटी ओडेल, म्हणून सर्वांना रांगेत उभे करून तिनेच शपथ दिली, मग केक कापला. तिला शपथ देण्याचे कोणाच्या मनातही आले नाही, तिच्याही नाही.

त्यानंतर म्हाताऱ्या क्लोव्हिसने आपले घर सावत्र मुलीला, नोएलीनला, लिहून दिले. शेवटपर्यंत त्याचे तिनेच केले होते. त्या कागदावर शिक्का ओडेलचा होता. आता क्लोव्हिस गेला होता, पुतण्या घर मागत होता आणि त्याचा वकील प्रेज्याँ याने नेमके हे वर्म शोधून काढले होते.

सकाळी जिन्यात नोएलीनने तिला गाठले होते.

"मिस ओडेल, घेतली म्हणा ना! कोण विचारतंय?"

"प्रेज्याँ विचारतोय, बये. त्याला दुसरं काम कुठंय?"

"माझं घर जाईल हो."

ओडेल कठडा धरून वर चढली होती.

"गेल्या वर्षी शपथ घेतलीत?" आता खुर्चीसमोर येऊन प्रेज्याँने विचारले.

"दिली. सगळ्यांना."

"दिल्याचं नाही विचारलं, मॅडम."

ओडेलने नोएलीनकडे पाहायचे टाळले. "नाही घेतली. मला कोणी दिली नाही, मीही मागितली नाही. केक वितळत होता."

मागे कोणीतरी हसले.

"म्हणजे तो शिक्का पोरांच्या खेळण्यातला! कागद रद्द, घर पुतण्याचं," प्रेज्याँ म्हणाला.

न्यायाधीश आर्सेनो यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मिस ओडेल, सही करताना क्लोव्हिस शुद्धीवर होता?"

"म्हणाला, 'शिक्का वाकडा बसलाय, परत मार.' मी आत्ता आहे त्यापेक्षा तरी जास्त शुद्धीवर होता."

"मारलात परत?"

"मारला की. सोडतोय कुठला!"

"प्रेज्याँ, या वसंतात तुम्ही घर घेतलंत ना? त्या कागदावर शिक्का कोणाचा?"

वकील घुटमळला. "मिस ओडेलचा."

"मग तेही जुन्या मालकाला परत करताय?"

प्रेज्याँ खाली बसला. न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा चढवला.

"लोक कचेरीच्या खिडकीशी येतात, खुर्चीत बसलेल्या माणसावर भरवसा ठेवतात. त्याने शपथ घेतली की नाही, हे तपासणं त्यांचं काम नाही. चूक कचेरीची, तिची शिक्षा नोएलीनला नाही. मिस ओडेल, शपथ घेईपर्यंत शिक्क्याला हात लावायचा नाही. कागद खरा. घर नोएलीनचं."