पहिल्या पायरीच्या खाली

हे तुम्हाला पटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून माझ्या नावाने खडे फोडायला नकोत. लगेच पटतात अशा गोष्टी सांगायला माणसं पुष्कळ आहेत. त्यासाठी माझ्यासारख्या म्हाताऱ्याने घसा कशाला कोरडा करायचा? आपल्या या गल्लीत एका बाईने शिडीला जमिनीखाली पायऱ्या लावल्या, आणि भल्याभल्यांना वरून खाली उतरवलं. न्हावीदादा, कात्री जरा बाजूला ठेवा, नाहीतर ऐन रंगात आल्यावर या गिऱ्हाइकाचा कान जायचा. आमची ही दारात भाजी निवडत बसली आहे. तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की ती आता मानही वर करत नाही.

तर ही गल्ली शिड्या करणाऱ्यांची. रंगारी, तारांवर काम करणारे, आंबे-नारळ उतरवणारे, सगळे शिडीसाठी इथेच येत. शिडी अशी भक्कम की एकदा एक गवंडी शिडी भिंतीला लावून वर चढला आणि भिंतच पडली. शिडी जागची हलली नाही. गवंडी संध्याकाळपर्यंत वरच बसून होता, डबाही तिथेच खाल्ला.

"आजोबा, काहीतरीच!" न्हावी म्हणाला.

काहीतरीच तर काहीतरीच. पुढे ऐका.

या गल्लीचा मोठा कारागीर म्हणजे वस्ताद. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बसलीच तर तिच्या हातात रंधा देऊन कामाला लावील असा माणूस. त्याच्या कारखान्यावर एक पाटी होती, 'सर्वांत समाधानी गल्ली'. त्या पाटीचं असं झालं की, माणसं किती सुखात आहेत हे मोजायचं वरच्या लोकांनी ठरवलं. कोणत्या गल्लीत किती, कोणत्या धंद्यात किती, बायकांत किती, म्हाताऱ्यांत किती. कल्पना वाईट नव्हती. ताप आहे की नाही हे कपाळाला हात लावल्याशिवाय कळत नाही. पण हात लावायचा कुणाच्या कपाळाला? मोजणारे घाईत होते. त्यांनी घरोघरच्या कर्त्या पुरुषाच्या कपाळाला हात लावला. त्याचं कपाळ गार, म्हणजे अख्खं घर गार! आमच्या गल्लीतले कर्ते पुरुष कारखान्याच्या पायरीवर चहा पीत बसले होते. सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत दहापैकी आठ सांगितले, आणि पाटी आली.

त्या पाटीखालून आत गेलं की कारखाना, त्याच्या मागे घर, घराच्या मागे मोरी आणि मोरीला लागून फळ्यांची एक खोली. त्या खोलीत धाकटी बसायची. वस्तादच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ तापाने गेला, आणि घरातल्या जिन्नसांबरोबर तिचीही जागा बदलली. आधी ती पुढे कारखान्यात नवऱ्याशेजारी बसून पायऱ्या घासायची, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायची. नवरा गेल्यावर वस्ताद म्हणाला, "आता पुढे नको. लोक काय म्हणतील? मागे बसून काम कर, तुझीच अब्रू राहील." तिची अब्रू राहावी म्हणून त्या खोलीला खिडकीही ठेवली नाही. दार उघडायचं ते मोरीत.

शिडीची प्रत्येक पायरी तिच्या हाताखालून जायची. चढणाऱ्याच्या हातात कुसळ शिरू नये म्हणून पॉलिशपेपरने घासायची, बोट फिरवून बघायची, पुन्हा घासायची. त्या भुशाने तिचे केस, पापण्या, ओठ पांढरे होत. खोकला तर असा, की शेजारची माणसं त्यावर घड्याळ लावत. घरात तिचं ताट सगळ्यांत शेवटी. सासू म्हणायची, "तिला भूकच नसते." जी बाई सकाळपासून लाकूड घासते तिला भूक नसते! खोटं बोलण्यात मी या गल्लीत पहिला, पण त्या म्हातारीपुढे मी कच्चाच.

तिने एकच गोष्ट मागितली होती. "भाऊजी, त्या भिंतीतली एक फळी काढा. वारा येईल."

"फळी काढली की रस्ता दिसतो," वस्ताद म्हणाला होता. "आणि रस्त्याला तू दिसतेस."

विषय तिथेच मिटला. निदान वस्तादला तसं वाटलं.

मग एका सकाळी मोजणीबाई आली. ही नवी होती, पायात साधी चप्पल, खांद्याला पिशवी, आणि नजर अशी चौकस की तिच्यापुढे मांजरसुद्धा चोरून दूध पिणार नाही. वस्ताद पाटीखाली उभा राहिला, मिशांना पीळ दिला आणि म्हणाला, "लिहा. आठ."

"थांबा हो," बाई म्हणाली. तिने पिशवीतून एक चित्र काढलं. चित्रात शिडी होती. "सगळ्यात वरच्या पायरीवर सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खालच्या पायरीवर सगळ्यात वाईट. तुम्ही कुठे उभे आहात ते दाखवा."

वस्तादने चित्र हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि त्याचं तोंड कडू झालं.

"ही शिडी कुणी केली?"

"अहो, ते चित्र आहे."

"चित्र असलं म्हणून काय झालं? दोन पायऱ्यांत एवढं अंतर? दांडे वरपासून खालपर्यंत सारखेच? यावर चढणारा थेट दवाखान्यात! बाई, ही शिडी घेऊन तुम्ही गावभर फिरता? आमच्या गल्लीत? थांबा."

आणि त्याने चहा निवायच्या आत शिडी उभी केली. खरीखुरी, दहा पायऱ्यांची. विश्वास ठेवू नका, पण बशीतला चहा अजून वाफाळत होता.

"आता विचारा," वस्ताद म्हणाला, आणि सरसर चढून आठव्या पायरीवर उभा राहिला. "नववी नको, नजर लागते."

"आणि घरातले बाकीचे?"

"सगळे आठवरच." त्याने बायकोला हाक मारली. "ए, इकडे ये. चढ."

ती साडी सावरत चढली. नवऱ्याच्या मागे उभं राहायला आठव्या पायरीवर जागा नव्हती, म्हणून त्याच्या खांद्याला धरून लोंबकळल्यासारखी राहिली. सासूला चढवेना, तर वस्तादने वरूनच सांगितलं, "आईचंही आठच लिहा."

मोजणीबाईने लिहायला घेतलं. तेवढ्यात मागून खोकला आला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही," वस्ताद म्हणाला.

खोकला पुन्हा आला. असा, की शिडी थरथरली.

"म्हणजे आहे, भावाची बायको आहे. पण तिचं वेगळं काय लिहायचं? तिचं आमच्यातच धरा."

न्हावीदादा, हे वाक्य लक्षात ठेवा. त्या खोलीत सूर्याचा किरण जात नव्हता, पण हे वाक्य बरोबर गेलं. दार वाजलं. मोरी ओलांडून, घर ओलांडून, कारखाना ओलांडून धाकटी गल्लीत आली. किती वर्षांनी कोण जाणे. भुशाने पांढरी फटक. समोरच्या घरातलं पोर भुताच्या भीतीने किंचाळलं, इतकी पांढरी.

"आत जा," वस्ताद वरून म्हणाला.

ती शिडीजवळ गेली. पायऱ्यांवरून बोट फिरवलं. वाकून सगळ्यात खालची पायरी पाहिली.

"बाई," ती म्हणाली, "या पायरीच्या खाली काय आहे?"

"खाली काही नाही. ही शेवटची. सगळ्यात वाईट आयुष्य या पायरीवर."

"मग माझी पायरी यात नाही."

"अगं, तुला कुणी उपाशी ठेवलंय का?" सासू दारातून ओरडली. "दोन वेळचं खातेस ना?"

"खाते ना सासूबाई. पातेल्याला लागलेलं असतं ते खरवडून खाते." ती शांतपणे म्हणाली आणि मोजणीबाईकडे वळली. "बाई, या पायरीवर उभं राहायचं तर माणूस मोजलेला तरी असावा लागतो. मला यांनी आठात धरलं. आठावर कुणी असा खोकतो का?"

"पण पहिल्या पायरीच्या खाली आकडाच नाही आमच्याकडे," मोजणीबाई म्हणाली.

"मग करा."

कोपऱ्यात कुणाचं तरी फावडं होतं. धाकटीने ते उचललं आणि शिडीच्या पायाशी खणायला सुरुवात केली. आता इथे मी सांगतो ते ऐकून हसू नका. तिने असं खणलं की माती गल्लीबाहेर जाऊन पडली. गुडघाभर, कमरेभर, डोक्याएवढं. नुसतं तिचं बोलणं वर येत होतं.

"ही एक पायरी, नवरा गेला त्या दिवसाची. ही दुसरी, मला मागे बसवलं त्या दिवसाची. ही तिसरी, खिडकी मागितली तेव्हाची!"

"आवरा तिला!" वस्ताद ओरडला. पण आवरणार कोण? खड्ड्याची कड ढासळली आणि शिडी सरकन आत घुसली. आठव्या पायरीवरचा वस्ताद आता जमिनीला टेकला होता, आणि तरी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून बसला होता.

मग त्याची बायको त्याच्या खांद्यावरचा हात काढून खाली उतरू लागली.

"तू कुठे निघालीस?" वस्ताद म्हणाला.

"माझ्या पायरीवर."

"तुझी आठच!"

"आठवर माझे पाय कधी टेकलेच नाहीत. तुम्हाला धरून लोंबकळत होते, तेवढंच." ती आणखी खाली गेली. खड्ड्यातून तिचा आवाज आला, "धाकटे, जरा सरक. मी आहे."

त्या एका वाक्यासाठी मी ही गोष्ट सांगत आलो, बाकी सगळं मीठमसाला. गल्लीतली दारं उघडू लागली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी जिला माहेरी जायला मिळालं नाही ती आली. जिची शाळा सोडवून जिला घरी बसवलं ती आली. मुलगे असून पडवीत निजणारी म्हातारी काठी टेकत आली. कुणी पळी घेऊन खणत होतं, कुणी नखांनी. मोजणीबाई काठावर बसून एकेकीला विचारत होती आणि लिहीत होती. आधी जिथे एकेका घराचं एकच उत्तर आलं होतं, तिथे आता माणसागणिक वेगळं उत्तर येत होतं.

संध्याकाळी धाकटी वर आली. वस्ताद दारात हात आडवा धरून उभा होता.

"या घरात राहायचं असेल तर बाईला सांग, चुकून बोललीस म्हणून."

"राहीन मी इथेच, भाऊजी. तुमच्या शिड्या माझ्या हाताशिवाय गुळगुळीत होत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण उद्यापासून पुढे बसेन, उजेडात. आणि माझं विचारायला कुणी आलं तर मी सांगेन. तुम्ही नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

ती त्याच्या हाताखालून वाकून आत गेली, हातोडा घेतला आणि मागच्या खोलीची फळी फोडली. एकच फळी नाही, भिंतच आडवी केली. रस्ता दिसला. रस्त्याला ती दिसली. आणि रस्त्याचं काहीही बिघडलं नाही.

पुढच्या महिन्यात कचेरीतली माणसं पाटी उतरवायला आली, कारण गल्लीचं समाधान आठावरून घसरलं होतं. वस्ताद त्यांच्यापुढे हात जोडत होता. धाकटीने मात्र स्वतः शिडी आणून लावली. "काढा," म्हणाली, "खिळेसुद्धा काढा."

आणि मंडळी, छाती ठोकून सांगतो, त्या दिवसापासून या गल्लीत कुठल्याही घरात एका माणसाचं सुख दुसरा सांगत नाही. मोजणीवाले येवोत नाहीतर आणखी कुणी, प्रत्येक घरात प्रत्येक बाई स्वतः पुढे होते, आणि पुरुष बाजूला उभे राहून मुकाट ऐकतात…

"खोटं!"

भाजीची सुपली खाली ठेवून आमची ही उभी राहिली होती.

"गवंडी शिडीवर बसला, मी गप्प बसले. माती गल्लीबाहेर उडाली, तरी गप्प बसले. पण हे खोटं आहे. परवा ती मोजणीबाई आपल्या दारात आली होती. मी आत होते, भांडी घासत. 'आमच्या घरात सगळे नऊवर,' असं इथून कोण ओरडलं?"

न्हाव्याने कात्री उचलली नव्हती. गिऱ्हाईकही मान वळवून माझ्याकडे बघत होतं.

"ती अजून गल्लीतच आहे, आज कोपऱ्यावरच्या घरात लिहीत बसली आहे," ही म्हणाली, आणि भाजीचे हात पदराला पुसत पायरी उतरली.