आईच्या खोलीची शांतता

लोकांचे श्वास कापणं हा माझा धंदा आहे. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे मध्येच खोकतात, आवंढे गिळतात; ते सगळं मी कापून फेकतो. माझ्याइतका खडूस एडिटर दुसरा नाही असं लोक म्हणतात, आणि मला ते आवडतं. राहतो एकटाच, त्यामुळे घरात खोकणारं दुसरं कुणी नाही.

दोन महिन्यांपूर्वी आईची वाचा गेली. अर्धांगवायू. ती ताईकडे असते. परवा ताईचा फोन आला.

"तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तिचाच जुना आवाज ऐकवा, ऐकून म्हणायला बघेल. तुझ्याकडे आहे ना काही?"

होतं. गिऱ्हाइकं दिलेला शब्द फिरवतात, म्हणून माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. त्यात आईचेही झाले होते.

"फक्त आईचाच आवाज ठेव. आणि दोन वाक्यांत थोडी जागा सोड, म्हणजे तिला म्हणायला वेळ मिळेल."

दुपारी बसलो. वर्षभराचे कॉल एकाखाली एक मांडले. आई बोलते तिथे स्क्रीनवर आवाजाच्या रेषेचा डोंगर, मी बोलतो तिथे टेकाड. 'हं.' 'हो.' 'बघतो.' 'कामात आहे गं.' एकेक टेकाड निवडलं आणि कापलं. माझं वर्षभराचं बोलणं अर्ध्या तासात उडवून झालं. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

कापलेली जागा नुसती मोकळी ठेवता येत नाही. फोन कट झाल्यासारखं वाटतं. तिथे त्याच खोलीची शांतता भरायची असते. पंखा, लांबचा नळ, कुणी बोलत नसताना जे ऐकू येतं ते. त्यासाठी सलग तुकडा हवा होता. शोधता शोधता सापडला. आई विचारते, "कधी येतोस?" पुढे अकरा सेकंद कुणीच बोलत नाही. मग तीच म्हणते, "बरं, जेवून घे."

अकरा सेकंद, एकदम स्वच्छ. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. तोच तुकडा कॉपी करून सगळीकडे चिकटवला, जोड कळू नये म्हणून कडा मिसळून घेतल्या आणि फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"आवाज अगदी स्वच्छ आलाय रे. पण ती काही म्हणतच नाही. एक वाक्य झालं की फोनकडे बघत बसते."

"जागा जास्त झाली का? कमी करू?"

"जागेचं नाही. तुझ्या 'हं'ची वाट बघते ती. तो कुठे गेला?"

"कापला. तूच सांगितलंस ना."

"सांगितलं खरं. चुकलंच माझं. परत घालता येईल?"

येतं. आमच्या कामात कापलेलं मरत नाही. तुकड्याची कड धरून ओढली की आत दडलेलं सगळं बाहेर येतं. लगेच बसलो. 'हं' आला, 'हो' आला, 'बघतो' आला. जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटलं. एवढ्याशा 'हं'वर आई वर्षभर बोलत राहिली होती.

शेवटी 'कधी येतोस?'पाशी पोचलो. सवयीने कड धरली आणि ओढली. नुसता पंखा फिरत होता. तिथे मी काही कापलंच नव्हतं. अकरा सेकंद मी मूग गिळून बसलो होतो, आणि आई थांबली होती.