बाबांची शिट्टी

विमानतळावरच्या बाईने माझ्या बुटांच्या तळाची माती ब्रशने खरवडून काढली. मोरोक्कोची, बोलिव्हियाची, सगळी. आमच्या न्यूझीलंडात बाहेरची माती आत येऊ देत नाहीत. माझी दोन वर्षांची भटकंती संपली ती अशी, त्या बाईशी हसतखिदळत.

घरी आले तर बाबा व्हरांड्यात बसलेले. तोंडाची डावी बाजू ओघळलेली, डावा हात कुणीतरी मांडीवर ठेवून दिल्यासारखा.

"उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला," आई म्हणाली. आता तर थंडी तोंडावर आली होती.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय, तिकडच्या डोंगरावरून उडी मारून येणार होतीस? एकदाच मिळते ही ट्रिप. बाबांनीच बजावलं होतं, पोरीला कळवायचं नाही."

म्हणून मी फोन केला की आईच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला, म्हणून बाबा कायम मेंढ्यांकडे गेलेले! आमच्याकडे विशीत पाठीवर पिशवी टाकून जग बघायला जायचं म्हणजे जायचंच, आणि मागे घर कोसळलं तरी आईबापांनी 'सगळं मजेत' म्हणायचं. आग लागो असल्या समजूतदारपणाला. मी आईशी कडकडून भांडले, मग तिलाच धरून रडले.

"क... कशी झाली?" बाबांनी विचारलं. ट्रिपबद्दल विचारत होते.

बर्फ पडायच्या आत वरच्या डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायच्या होत्या. ते काम जिपचं. हा बाबांचा कुत्रा लांब डोंगरावर फक्त त्यांच्या शिट्टीवर चालायचा. डावीकडे जा, थांब, मागे ये, प्रत्येकाची शिट्टी वेगळी. आता बाबांच्या ओठांतून नुसती हवा यायची. शेजारच्या अ‍ॅलिस्टरने जिपला मागितलं होतं. जिप गेला की बाबा मेंढपाळ उरणार नाहीत, व्हरांड्यातले म्हातारे होतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मी चालवते त्याला," मी म्हटलं. "बाबा, शिट्ट्या मला तूच शिकवल्यास ना?"

"चालवून दाखव, किर्स्टी," जिपला न्यायला आलेला अ‍ॅलिस्टर म्हणाला. "जमलं तर मी रिकाम्या हाताने जातो, अगदी खुशीत."

बाबांना गाडीत बसवून पायथ्याशी नेलं. मेंढ्या दिसताच जिप सवयीने सुसाट वर गेला. मी शिट्टी वाजवली. तो थांबला आणि वळून गाडीकडे बघू लागला. पुन्हा वाजवली. सूर तोच, पण तो हलेना. दुपारपर्यंत फुंकून फुंकून माझे ओठ फुटले. गाडीत बाबा पडलेला ओठ बोटाने वर धरून शिट्टी मारायला धडपडत होते. हनुवटीवरून लाळ गळत होती. मला ते बघवेना आणि थांबवताही येईना. अर्धं जग एकटीने पालथं घातलं होतं मी, आणि बापासाठी एक शिट्टी जमत नव्हती.

"बास कर आता, पोरी," अ‍ॅलिस्टर हळूच म्हणाला. "माझंही तो लगेच ऐकणार नाही. पण माझ्या कुत्र्यांच्या मागे राहून शिकेल."

जिप कंटाळून आपणहून खाली आला. अ‍ॅलिस्टरने आपल्या गाडीचं मागचं फळकूट उघडलं. "चल, चढ!"

जिप ढिम्म. मी ढकललं तर चारही पाय रोवून बाबांकडे बघत राहिला. मला हसूच फुटलं. न्या म्हटलं आता, कसा नेता ते बघू.

तेवढ्यात बाबांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि अ‍ॅलिस्टरच्या गाडीकडे बोट दाखवलं.

जिप एका उडीत वर चढला आणि शेपटी हलवत, शाबासकीची वाट बघत बसला.