नाव नसलेल्या ओळी

संगणकाचा तो वर्ग मी रडतखडत करत होते. इतिहासात पीएचडी करणाऱ्या बाईने या वयात प्रोग्रॅम लिहायला शिकायचं म्हणजे विद्यापीठाला आलेली हुक्की, दुसरं काय! वर्गात सगळे माझ्यासारखेच, शेतकी, संगीत, कायदा असल्या विषयांतून आलेले. शेजारी बसायची एक निवृत्त नर्स. तीही संशोधन करत होती. एका बोटाने टाइप करायची, म्हणून मी तिचं नाव एकबोटी ठेवलं होतं. तोंडावर नाही, अर्थात.

शिकवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता. प्रोग्रॅम लिहून झाला की तो शेजाऱ्याला ओळ न् ओळ वाचून दाखवायचा, साध्या भाषेत. शेजाऱ्याला पटेपर्यंत तो झाला असं म्हणायचं नाही.

त्या दिवशी मला घाई होती. चार वाजता मार्गदर्शकांना प्रबंधाचं मुख्य प्रकरण द्यायचं होतं. एका जुन्या इस्पितळाची मृत्यूंची नोंदवही मी संगणकात उतरवली होती. सुईणींना प्रशिक्षण दिल्यावर बालमृत्यू एकशे वीसवरून एकसष्टवर, म्हणजे निम्म्यावर आले, असं माझा प्रोग्रॅम सांगत होता. तीन वर्षांची मेहनत त्या एका आकड्यावर उभी होती.

"ही ओळ दुबार नोंदी काढते," मी भराभरा वाचलं. "नाव, वय, महिना सारखा असेल तर एकच धरायची."

"आणि नाव नसेल तर?" एकबोटीने विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, एका दिवसाच्या बाळाला कुठलं नाव? वहीत काय लिहिलंय ते दाखव बघू."

मी वैतागून वहीचे फोटो उघडले. आधीच्या वर्षांत आईचं नाव लिहून पुढे 'हिची मुलगी' असं होतं. मग प्रशिक्षण झालं त्याच वर्षी कारकून बदलला, आणि नव्या कारकुनाने आईचं नाव लिहिणंच सोडून दिलं. मुलगी, एक दिवस. मुलगी, एक दिवस. एका महिन्यात अशा चार, आणि मी त्यांची एक करून टाकली होती.

ती ओळ काढून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. प्रशिक्षणानंतरचे मृत्यू एकसष्टचे एकशे अठरा झाले. म्हणजे ते कमी झालेच नव्हते.

"माझी तीन वर्षं पाण्यात गेली हो," मी म्हटलं.

"गेली खरी." खोटा धीर देणाऱ्यांतली ती नव्हती.

"तुमच्या कसं लक्षात आलं?"

"तीस वर्षं अशा ओळी मीच भरल्यात. आई समोर रडत असते. नाव काय ठेवणार होतीस, असं नाही गं विचारवत."

मला स्वतःची लाज वाटली. अख्ख्या वर्गात खरी हुशार तुम्हीच, असं मी तिला सांगूनही टाकलं.

"पुरे. आधी सरांना फोन कर."

केला. निष्कर्ष चुकलाय, आज काही देत नाही, असं सांगितलं. मग प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यायला आम्ही दोघी बसलो. ती वाचायची, मी टाइप करायचे.

"मुलगी, एक दिवस."

बासष्ट.

"मुलगी, एक दिवस."

त्रेसष्ट.