मुंजाजीच्या गाडीचं ऑइल सील

वारंगा फाट्यावर उद्धवचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. मागच्या पावसाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागला आणि वाचा पार गेली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, बोलणं आलं तर हळूहळू येईल. दिवाळीच्या सुमारास एक शब्द आला. "व्हय." त्या दिवशी अनुसूयानं शेजारच्या दुकानांत पेढे वाटले.

गॅरेज तिनं बंद केलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या हाताखाली पाने देत आली होती. पंक्चर, ऑइल बदलणं, प्लग साफ करणं तिला जमत होतं. उद्धवला ती दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायची आणि प्रत्येक गोष्ट विचारायची.

"चेन एवढीच ताणू का?"

"व्हय."

"रातच्याला पिठलं करू?"

"व्हय."

तिला वाटायचं, माणूस आत शाबूत आहे, नुसते शब्द अडलेत. आज एक आला, उद्या बाकीचे येतील.

डोंगरकड्याचा मुंजाजी उद्धवचा जुना दोस्त. एका सकाळी तो गाडी घेऊन आला.

"वहिनी, पुढच्या शॉकअपमधून तेल गळून राहिलं. सीलं गेली वाटतं."

"हे काम मी एकटीनं केलं न्हाई, भाऊजी. दुसऱ्याला दाखवा."

"माझ्या गाडीला उद्धवशिवाय कोणाचा हात लागला न्हाई. तो बसून सांगंल की तुमाला. काय उद्धव?"

"व्हय," उद्धव म्हणाला. मुंजाजी खूश झाला आणि गाडी सोडून गेला.

अनुसूयानं पुढचं चाक काढलं, शॉकअपचे दोन्ही दांडे खाली ओढून घेतले, काळं पडलेलं तेल डब्यात ओतलं. खालचा बोल्ट निघेना, तेव्हा पान्याला पाईप लावून सगळा भार दिला. जुनी सीलं स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून काढली. इथवर सगळं तिनं पाहिलेलं होतं. नवं रबरी सील हातात घेतल्यावर मात्र ती थांबली. त्याची एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला बारीक स्प्रिंगचं कडं. तिनं सील उद्धवच्या डोळ्यांसमोर धरलं.

"स्प्रिंग वर ठेवायची ना?"

"व्हय."

उद्धवनं डावा हात उचलला, हवेतच हलवला आणि मांडीवर टाकला. तिला वाटलं, ठोक म्हणतोय. तिनं सील बसवलं, वर पाईपचा तुकडा ठेवून हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोकलं. दुसरंही तसंच. नवं तेल मापून ओतलं. गाडी जोडून झाल्यावर हँडल पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. बाहेर काही आलं नाही. खूप दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

आठवड्याभरात मुंजाजी एसटीनं आला. कोपराला पट्टी होती.

"तेल उतरलं, वहिनी. ब्रेकच्या डिस्कवर गेलं. पुलाच्या उतारावर ब्रेक लागलाच न्हाई."

"मागं कोण होतं?"

"बायको होती. मनगट मोडलं तिचं." तो उद्धवकडं न बघता बोलत होता. "कळमनुरीच्या मिस्त्रीनं खोललं. सीलं उलटी बसलीत म्हणला. तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो."

"मी परत करून देते, भाऊजी."

"नको, वहिनी."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. चहाही न घेता तो फाट्याकडं चालू लागला.

अनुसूया खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"सीलं उलटी होती?"

"व्हय."

"मंग मी विचारलं तवा काहून व्हय म्हणलात?"

"व्हय."

तिनं सावकाश विचारलं, "तुमचं नाव मुंजाजी हाय का?"

"व्हय," उद्धव म्हणाला. त्याचे डोळे भरले, आणि डाव्या हातानं तो स्वतःच्या तोंडावर मारायला लागला. तिनं तो हात दोन्ही हातांनी धरला. तेवढ्या एका हातात अजून चांगलीच ताकद होती.

नंतर तिनं खुणा शिकवून पाहिल्या. मान खाली म्हणजे हो, हात आडवा म्हणजे नाही. कधी बरोबर यायचं. कधी मान एक सांगायची, हात दुसरंच, आणि तो घामाघूम होऊन भिंतीकडं तोंड करायचा. डॉक्टर म्हणाले, एवढ्या दिवसांत आलं ते आलं. तिनं खुणाही सोडल्या.

होळीच्या आधी तिनं गॅरेजची जागा एका फळवाल्याला दिली आणि स्वतः समोरच्या हॉटेलात भाकरी थापायला जाऊ लागली. आता ती उद्धवला काही विचारत नाही. मनाला येईल ते करते आणि भरवते. कधी तो अर्ध्यात तोंड मिटतो. पोट भरलं, की भाजी खारट झाली, की आणखी काही, हे तिला कळत नाही. ती थोडा वेळ घास तसाच धरून बसते, मग ताट उचलते.