वॉर्डबाईंचं ‘च्च’

नोएलीने कातड्याला सुरी लावली, तोच मागून आवाज आला, ‘च्च.’

तिने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वॉर्डबाईंचं येणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

वॉर्ड हे त्यांचं आडनाव, बूट तपासायला येणाऱ्या परदेशी कंपनीच्या त्या बाई. बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचा, जीभ टाळूला लावून ‘च्च’ करायचं, एवढीच त्यांची शिकवणी. त्या धाकात सगळ्यांचे टाके मोत्यांसारखे झाले. बुटाचं रूप मात्र बाई तिकडूनच ठरवून आणत. मग कंपनीला दुसऱ्या देशात स्वस्त हात सापडले.

आता ब्राझीलमधल्या नोवो हाम्बुर्गो शहराच्या बुटांच्या प्रदर्शनात स्वतःचा म्हणावा असा एक तरी जोड मांडायचा होता. नाहीतर कारखान्याला कुलूप. नोएलीच्या मनात तो होता. रुंद टोकाचा, नदीकाठच्या बायकांच्या पावलांसारखा पसरट. पण सुरी धरली की हात आपला आपण वळे आणि टोक निमुळतं होई. बाईंच्या बुटासारखं.

“आर्नोकाका, तुम्हाला ऐकू येतं का हो? वॉर्डबाईंचं च्च?”

कारखान्याचा मालक आर्नो ‘माते’चा, त्या कडवट पाल्याच्या चहाचा, घोट घेता घेता थांबला. उत्तर शेजारच्या क्लेसीने दिलं.

“अगं बये, ते तूच करतेस. दिवसभर. पाल बरी तुझ्यापेक्षा.”

नोएलीने ओठांवरून बोट फिरवलं. मग डब्यातल्या मूठभर बारीक चुका, बूट ठोकायचे ते खिळे, तोंडात धरल्या. जिभेला हलायला जागाच नको.

“धर, धर,” क्लेसी म्हणाली. “तोंडात चुका असल्या म्हणजे लोकांच्या काढता येत नाहीत.”

माळ्यावरचा जुना, रुंद लाकडी साचा नोएलीने उतरवला. ओठ मिटून कापलं, शिवलं, साच्यावर ताणून ठोकलं. उन्हं कलली तेव्हा बूट तयार होता. थोडा बोजड, पण तिचा.

टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीत तिची ताइना बसली होती. दोन वर्षांची होत आली तरी पोरीला शब्द फुटला नव्हता. नोएलीने बूट तिच्यापुढे धरला.

ताइनाने तो नीट न्याहाळला. टोकावर इवलासा अंगठा ठेवला. दाबला.

“च्च.”

क्लेसी हसली नाही. आर्नोकाकाने चहाचा पेला खाली ठेवला.

नोएलीचे ओठ तसेच मिटलेले होते. हात मात्र पकडीकडे गेला होता, ठोकलेल्या चुका उपसायला.