सद्दीवरची पतंग

गिरणीचं धुराडं दुरुस्त करायचं तर बॉयलर थंड लागतो, आणि तो थंड व्हायचा फक्त मोठ्या सुटीला. म्हणून बाहत्तर साली, तीळसंक्रांतीच्या सकाळी, सगळं नागपूर गच्चीवर चढलेलं असताना रुपराव धुराड्याच्या टोकावर गेला होता. काठाच्या विटा सुटल्या होत्या, त्या पक्क्या करायच्या होत्या. वर एक कप्पी होती. तिच्यावरून गेलेल्या दोराला लाकडी पाटली बांधायची, पाटलीवर बसायचं आणि खालच्यानं दोर ओढून वर चढवायचं, अशी ती पद्धत. खालचा दोर त्याचा मोठा भाऊ धोंडबा सांभाळत होता.

रुपराव पाटलीवरून काठावर उतरला आणि खाली खुंट्याची गाठ सुटली. रिकामी पाटली कोसळली आणि दोर सरसरत कप्पीतून निघून सगळाच्या सगळा धोंडबाच्या पायाशी येऊन पडला. वर रुपराव उरला, वीज पडू नये म्हणून लावलेल्या सळईला मिठी मारून.

बंबाची गाडी आली. तिची शिडी धुराड्याच्या अर्ध्यावर संपली. मोठी शिडी बाहेरगावाहून यायची, म्हणजे संध्याकाळ. तेवढ्यात वरून एक वीट आली आणि आवारात फुटली. काठ हलतो आहे, असं रुपराव ओरडून सांगत होता. वारा वाढत चालला होता.

शेजारच्या वस्तीतले आनंदराव गुरुजी तोवर येऊन पोचले होते. कुणीतरी दिवाळीतलं उरलेलं रॉकेट आणलं, त्याला दोरा बांधून सोडू म्हणाला. गुरुजींनी ते बाजूला ठेवायला लावलं. दोरा तर जळेलच, वर माणूस दचकला तर काय, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी पतंग मागवली.

"गुरुजी, मजाक करून राहिले का तुमी?" धोंडबा म्हणाला.

गुरुजी मजाक करत नव्हते. घाईच्या वेळीसुद्धा ते वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगू लागले. पतंग चीनमध्ये निघाली, कागदही तिकडचाच आणि रॉकेटातली दारूही. दारू म्हणे औषध शोधता शोधता सापडली, मग लढाईत गेली, मग आतषबाजीत आली. पतंगीचं उलटं झालं. आधी ती कामाची होती. वेढा पडलेल्या शहरातून निरोप पाठवायला, खुणा करायला लोक ती उडवत. खेळ ती फार नंतर झाली. आज तिला पुन्हा कामाला लावायचं, एवढंच. पतंग धुराड्यापलीकडे न्यायची आणि ढील द्यायची. ती खाली बसली की दोरा काठावर पडेल. रुपराव तो धरेल. मग दोऱ्याला सुतळी, सुतळीला दोर.

मांजा मात्र चालणार नव्हता. मांज्याला काच लावलेली असते. वर ओढताना रुपरावाची बोटं कापली असती. म्हणून साधा दोरा घेतला, ज्याला सद्दी म्हणतात.

धोंडबानं पतंग चढवली. ती धुराड्याच्या डोक्यावरून गेली, दोरा काठाकडे उतरू लागला, रुपरावानं एक हात सोडून पुढे केला. एवढ्यात जवळच्या गच्चीवरून एक हिरवी पतंग झेपावली. सद्दी मांज्यापुढे किती टिकणार? गच्चीवर "ओ काट" झालं, थाळ्या वाजल्या. रुपरावाचा हात हवेतच राहिला.

यात त्या गच्चीवाल्यांचा काय दोष? संक्रांतीला आभाळात पतंग दिसली की ती कापायची. ती कुणाची, कशासाठी चढली, हे कुणी विचारत नाही. दुसरी पतंगही तशीच गेली. धोंडबानं हात हलवून ओरडून सांगायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक गच्चीवर लाउडस्पीकर लागलेला. हरलेला माणूस शिव्या देतो आहे असं समजून तिकडून उत्तर आलं, "जा गा घरी, तीळगूळ खा."

माणसं गच्च्यांकडे धावली, पण गच्च्या किती आणि जिने किती. वरून आणखी एक वीट पडली.

तेव्हा जया पुढे झाली. ही रुपरावाची मुलगी, मॅट्रिकच्या वर्गातली. पतंग तिला बापानंच शिकवली होती आणि वस्तीत तिच्या वाटेला कुणी जात नसे. धोंडबानं सद्दीची पतंग न्यावी, आपण मांज्याची पतंग घेऊन तिची राखण करू, असं ती म्हणाली. गुरुजी घुटमळले. तिचाच मांजा सद्दीला लागला तर?

"लागू देनार नाही," जया म्हणाली.

दोन्ही पतंगी चढल्या. हिरवी पुन्हा आली, जयानं एका झटक्यात ती कापली. पिवळी आली, तीही गेली. मग कापडवाल्या ताराचंदच्या गच्चीवरून काळी पतंग उठली. ताराचंदचा मांजा सगळ्यांना ठाऊक होता. काळी थेट सद्दीवर उतरू लागली, तशी जयानं आपली पतंग मध्ये घातली. दोन मांजे एकमेकांवर बसले.

आता खेचलं असतं तर काळी कटली असती. जयाच्या बोटांना ते कळत होतं. पण खेचताना दोन्ही मांजे सद्दीवर घासले असते. तिनं खेचलं नाही. ढील दिली. मांज्याची चक्री गरगरत राहिली, तिची पतंग काळीला अडकवून धुराड्यापासून लांब जाऊ लागली. ताराचंदही जिंकण्याच्या हौसेनं ढील देत मागे गेला.

"पोरगी घाबरली," गच्चीवरून कुणीतरी हसलं.

जयानं तिकडे पाहिलं नाही. "मोठेबाबा, आता," ती काकाला म्हणाली.

धोंडबानं हात सैल सोडले. पतंग बसली, सद्दी काठावर पडली, सळईला घासत सरकली आणि थांबली. रुपरावाच्या मुठीत ती आली होती. त्याच क्षणी जयाची पतंग कटली आणि सीताबर्डीच्या दिशेनं वाहत गेली. गच्चीवर थाळ्या वाजत राहिल्या.

सद्दीमागून सुतळी गेली, सुतळीमागून दोर. रुपराव एका हातानं आणि दातांनी ओढत होता. त्यानं दोर कप्पीतून ओवून टोक खाली सोडलं, खालच्यांनी त्याला पाटली बांधली. पाटली वर गेली. धोंडबानं या वेळी दोर खुंट्याला बांधला आणि स्वतःच्या कमरेलाही बांधला.

रुपराव खाली आला. लोकांनी त्याला जमिनीवर टेकवलं, पाणी दिलं. तो जयाकडे बघत होता.

"मी वरून पायत होतो," तो म्हणाला. "ढील काहून देली वं? खेचली असती तर त्याची कटली असती."

"तुमची सद्दी कटली असती, बाबा."

 दोर धरून आखडलेली रुपरावाची मूठ अजून मिटलेलीच होती. जयानं त्याच्यापुढे बसून एकेक बोट सोडवायला घेतलं.